दोन बॅटऱ्या झाल्या, तरी सकाळी गाडी मुकीच

पत्र: माझी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. तीन वर्षांपूर्वी चिपळुणातच सेकंडहँड घेतली. मी शिक्षिका आहे, दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाटातून कराडला आई-वडिलांकडे जाते. मार्चमध्ये गाडी सकाळी चालू होईना म्हणून नवी बॅटरी घातली. जूनमध्ये पुन्हा तेच. दुकानदाराने बॅटरी वॉरंटीत बदलून दिली. आता गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. गेल्या रविवारी घाटात धो धो पाऊस आणि धुकं होतं. वायपर संथ झाले, हेडलाइट पिवळे पडले, मीटरवरचं बॅटरीचं लाल चिन्ह मिणमिणायला लागलं आणि एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. कशीबशी हेळवाकपर्यंत आणली. एक गॅरेजवाले म्हणतात अख्खा अल्टरनेटर बदला, 14 हजार होतील. दुसरे म्हणतात बॅटरीच डुप्लिकेट लागली. मला यंत्रातलं काही कळत नाही. कोणाचं ऐकू?
एक वाचक, चिपळूण

ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या वळणापाशीच अडकलो. हल्लीच्या छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर हलकं होतं. गाडीतली वीज फार खाली आली की ती मोटर काम सोडते आणि सगळा जोर तुमच्या मनगटांवर येतो. चाकं वळतात, पण ध्यानीमनी नसताना एवढा जोर लावायचा, तोही कुंभार्लीच्या पावसात. तुम्ही सुखरूप पोचलात हे वाचून जीव भांड्यात पडला. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात घालू नका. कराडला एसटीने जा. गावातल्या गावात, दिवसाउजेडी, फिरवायला हरकत नाही.

आता कोणाचं ऐकायचं. मी म्हणेन, तूर्त दोघांचंही नको. दोघांपैकी एकानेही मीटर लावून आकडा सांगितल्याचं तुमच्या पत्रात नाही. व्होल्ट न मोजता दिलेला निदानाचा शब्द मी माझ्या अल्टरनेटर दुरुस्तीच्या बाकावर बसलेल्या पोरांकडूनही घेत नाही.

तुमच्याकडे विहिरी घरोघर आहेत, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे विहिरीवरचा पंप. इंजिन चालू असताना दिवे, वायपर, पेट्रोलचा पंप, स्टिअरिंग या सगळ्यांना पाणी पंपाकडून मिळतं आणि वर उरेल ते टाकीत साठतं. टाकीचं खरं काम सकाळी पहिला सेल्फ मारण्यापुरतं. चालत्या गाडीत तुमचे दिवे पिवळे पडले, याचा अर्थ पंप कमी पडत होता आणि घर टाकीवर चाललं होतं. टाकी रिकामी होत आली तसे वायपर दमले, मग स्टिअरिंगने मान टाकली. आणि दोन्ही वेळा नवी बॅटरी घातल्यावर काही दिवस बरे का गेले? नवी टाकी भरून आलेली असते. तेवढं पाणी संपेपर्यंत पंपाचा दोष झाकला जातो. म्हणून दुकानदारावर लगेच आळ घेऊ नका. चार महिन्यांत सलग दोन बॅटऱ्या खराब निघणं अशक्य नाही, पण तुमची लक्षणं दुसरीकडे बोट दाखवतात.

लक्षणं दोन आहेत आणि ती जोडीने आली आहेत, हेच महत्त्वाचं. एक, चालताना चार्जिंग कमी. दुसरं, उभ्या गाडीत बॅटरी आपोआप उतरणं. पंपाला फूटव्हॉल्व असतो ना, तो गळका झाला की रात्रीतून पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. अल्टरनेटरमध्ये हे काम डायोड करतात. बहुतेक अल्टरनेटरमध्ये सहा मोठे डायोड असतात. आत तयार होणारी उलटसुलट वीज ते एका दिशेची करतात, आणि गाडी बंद असताना बॅटरीतली वीज उलटी आत शिरू देत नाहीत. यातला एखादा बिघडला तर चालताना आतल्या वीज बनवणाऱ्या तीन गुंडाळ्यांपैकी (फेजपैकी) एक लंगडी पडते आणि उभ्या गाडीत गळती लागते. एकाच बिघाडातून तुमची दोन्ही दुखणी निघतात.

त्या मिणमिणत्या लाल दिव्याकडेही नीट बघायला हवं. तुमच्या गाडीच्या वयाच्या काही गाड्यांत त्या दिव्याचं एक टोक बॅटरीकडे आणि दुसरं अल्टरनेटरकडे असतं. दोन्हीकडे सारखे व्होल्ट असले की दिवा बंद. अल्टरनेटर पूर्ण मेला की दिवा लख्ख. दोन्ही टोकांत थोडाच फरक पडला की तो रात्री दिसेल न दिसेल असा मिणमिणतो. असा अर्धवट दिवा मी पाहिला की माझ्या मनात पहिला डायोड येतो, दुसरी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जाडी वायर आणि तिसरे घासलेले कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश. तुमच्या गाडीबद्दल माझा संशय याच क्रमाने आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे, म्हणून तुम्हीच मोजा. यंत्रातलं कळत नाही म्हणता, पण थर्मामीटर वाचता येतो तर हेही येईल.

हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात तीनशे-चारशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. त्याच्या चकतीवर डीसी व्होल्टचा भाग असतो, खूण म्हणजे व्ही अक्षराशेजारी एक सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ. त्यात 20 वर चकती ठेवा. लाल टोक बॅटरीच्या अधिक टर्मिनलवर, काळं उणे टर्मिनलवर. टर्मिनलवर बसवलेल्या पितळी क्लिपवर नको, खुद्द बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. हातातल्या बांगड्या, अंगठी आधी काढून ठेवा. ओढणी आणि केस घट्ट बांधा, कारण इंजिन चालू असताना पट्टा फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चावी न लावता. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी राहिली. 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी बंद करून लगेच मोजू नका, तेव्हा बॅटरी उगाच 12.8-12.9 असा फुगलेला आकडा देते. त्यावर विश्वास ठेवून फसलेले कितीतरी जण आहेत.

दुसरा आकडा इंजिन चालू करून, सगळं बंद ठेवून. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. 15 च्या वर गेला तर व्होल्ट ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला आणि बॅटरी उकळतेय. इंजिन चालू असूनही 12.4 किंवा 12.2 वरच बसला असेल तर चार्जिंग होतच नाही.

तिसरा आकडा तुमच्या गाडीसाठी सगळ्यात बोलका. शेजारी कोणाला तरी बसवा. हेडलाइट अप्परवर, ब्लोअर पूर्ण, वायपर चालू, मागच्या काचेची हीटिंग असेल तर तीही. घाटात त्या पावसात-धुक्यात तुम्ही बहुधा हेच सगळं एकदम चालू केलं असणार. नुसते दोन हेडलाइटच जवळजवळ 9 अँपिअर खातात, काचेची हीटिंग साधारण तेवढंच किंवा जास्त, त्यावर वायपर, ब्लोअर, दर वळणाला स्टिअरिंगची मोटर. आणि घाटात पुढे ट्रक असला की आपण रखडत चालतो, म्हणजे अल्टरनेटरही मंद फिरतो. मागणी सगळ्यात जास्त, पुरवठा सगळ्यात कमी. बाजारात दिवसा फिरताना हा दोष तुम्हाला दिसलाच नसता. हा सगळा भार असताना आधी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, आकडा बघा, मग हलका ॲक्सिलरेटर देऊन इंजिनचे फेरे मिनिटाला दोन हजारच्या आसपास ठेवून बघा. दोन हजारला तो 13.3 च्या वर टिकायला हवा. तिथेही घसरत घसरत 12.6 च्या खाली निघाला तर पंप कमी पडतोय हे नक्की.

मात्र एवढ्याने अल्टरनेटर बदलायचा निर्णय घेऊ नका. गॅरेजमध्ये घाई होते ती इथेच.

1998 सालची गोष्ट. मी कोल्हापुरात उद्यमनगरात नुकताच स्वतःचा बाक मांडला होता. रत्नागिरीकडच्या एका डॉक्टरांची गाडी आली. अशीच तक्रार, पावसात रात्री दिवे मंद. मी कार्बन बदलले, गाडी गेली, आठवड्याने परत आली. रेग्युलेटर बदलला, परत आली. डायोड प्लेट बदलली. डॉक्टर चौथ्यांदा आले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते स्टुलावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी अल्टरनेटर सोडून वायरकडे गेलो. बाहेरून काळीभोर, धडधाकट. लगजवळ, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळ, बोटाने वाकवली तर आत काहीतरी करकरलं. ब्लेडने प्लास्टिक चिरलं तर आतली तांब्याची तार शेवाळासारखी हिरवी, कळकून गेलेली. अर्ध्या काड्या चिमटीत भुगा झाल्या. खाऱ्या हवेने लगमधून आत शिरून वीतभर तार खाल्ली होती. हात-दीड हात वायर आणि दोन लग, एवढंच त्या गाडीला हवं होतं. आधी घेतलेले पैसे मी परत केले. तेव्हापासून अल्टरनेटर खोलण्याआधी वायर मोजल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. कोकणातल्या गाडीत तर कधीच नाही.

वायर मोजायची ती अशी. तोच भार चालू, इंजिन दोन हजारला. मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या पाठीमागे रबरी टोपीखाली जो जाड नट असतो त्यावर, काळं टोक बॅटरीच्या अधिक खुंटावर. वायर चांगली असेल तर 0.2 च्या आत काहीतरी दिसेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वीज वाटेतच जिरतेय. तसंच अर्थिंगचं. एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या उणे खुंटावर, तिथेही 0.2 च्या वर जायला नको. हे काम गॅरेजमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. तो नट थेट बॅटरीला जोडलेला असतो. त्यावर पाना ठेवला आणि पान्याचं दुसरं टोक इंजिनला लागलं तर ठिणगी नाही, जाळ होतो.

डायोडची गळती पकडायला एक जुनी युक्ती आहे, मला फार आवडते. इंजिन बंद, चावी काढून खिशात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ न्या. चावी बंद असताना आतल्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या विद्युतचुंबकात, वीज नसते, त्यामुळे ओढ जवळपास नसायला हवी. स्क्रूड्रायव्हर चटकन जाऊन चिकटला तर बॅटरीतली वीज गळक्या डायोडमधून रोटरला मिळतेय आणि रात्रभर मिळत राहणार. उलट, चावी लावून लाल दिवा लागल्यावर, इंजिन न चालवता, तिथे चांगली ओढ लागायला हवी. ती नसेल तर कार्बन, रेग्युलेटर किंवा त्याची वायर बघायची. काही गाड्यांत इंजिन चालू होईपर्यंत कॉम्प्युटर रोटरला वीजच देत नाही, त्यामुळे ही दुसरी बाजू सगळीकडे लागू पडत नाही. ओढ नाही लागली म्हणून डायोड निर्दोष, असंही नाही. पक्कं उत्तर अँपिअर मोजून मिळतं. गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास झोपू द्यायची आणि बॅटरीतून जाणारी वीज मोजायची. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर बॅटरीची उणे वायर काढून मग अल्टरनेटरची जाडी वायर सोडवायची, उणे परत जोडून पुन्हा मोजायचं. आकडा एकदम खाली आला तर चोर सापडला. तो तसाच राहिला तर चोर दुसरीकडे आहे, म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, डिकीचा दिवा, जे असेल ते.

डायोडची आणखी एक चाचणी लोक सांगतात, एसी व्होल्ट मोजण्याची. चालू इंजिनवर बॅटरीच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेला. चाचणी खरी आहे, पण तुमच्या तीनशेच्या मीटरवर करू नका. त्यातले बरेच मीटर एसीच्या चकतीवर साध्या बॅटरीलाही पंचवीस-अठ्ठावीस असा भलताच आकडा दाखवतात आणि माणूस उगाच घाबरतो.

एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडली, म्हणजे अल्टरनेटर गेला" असं दाखवणारे अजून आहेत. ही सवय फियाट-ॲम्बेसेडरच्या डायनामोच्या काळातली. त्या गाड्यांत कॉम्प्युटर नव्हता. आज तीच वायर काढली तर अल्टरनेटरच्या विजेला टेकायला जागा उरत नाही. क्षणभरात व्होल्ट चाळीसच्या पुढे उसळू शकतात, आणि मग 14 हजारांच्या जागी इंजिनच्या कॉम्प्युटरचं बिल येतं. कोणी पाना घेऊन टर्मिनलकडे वाकलं तर सरळ म्हणा, "दादा, मीटर लावा, वायर काढायची नाही."

आणि एक विचारायचं राहिलं. गाडी तीन वर्षांपूर्वी चिपळुणातच घेतलीत म्हणता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी कुठे होती? आधीच्या मालकाला विचारून घ्या. सीटखालचा गालिचा उचलून सीटच्या रुळांवर गंज आणि कोपऱ्यात सुकलेला बारीक गाळ दिसतो का, तेही पाहा. पुराच्या पाण्यात राहिलेला अल्टरनेटर साफ केल्यावर वर्ष-दोन वर्षं चालतो. मग स्लिपरिंगवर, म्हणजे रोटरच्या तांब्याच्या कड्यांवर, गंज, बेअरिंगची घरघर, कनेक्टरच्या पिना हिरव्या, असं एकेक निघत राहतं. तसं असेल तर माझा सल्ला बदलेल. तेव्हा आतले भाग बदलत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण नवा अल्टरनेटर आणि जाड्या वायरी दोन्ही बदला.

पुरातली नसेल तर 14 हजार लगेच देऊ नका. अल्टरनेटर खोलून डायोड प्लेट, कार्बन, रेग्युलेटर आणि दोन्ही बेअरिंग बदलता येतात. माझ्या अनुभवात हे नव्याच्या निम्म्या खर्चाच्या आत बसतं आणि नीट केलं तर पुढे वर्षानुवर्षं चालतं. यासाठी गॅरेजपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, ज्याच्या बाकावर खोललेले अल्टरनेटर पडलेले दिसतात असा. चिपळुणात न मिळाला तर कराडला नक्की मिळेल, फक्त गाडी घाटातून स्वतः चालवत नेऊ नका. त्यांना म्हणा, जुने भाग मला दाखवा. कार्बन झिजून बोटाच्या नखाएवढे उरले असतील तर तुम्हालाही दिसतील. रोटरच्या तांब्याच्या कड्यांवर खोल चर पडली असेल, किंवा आतली वाइंडिंग काळी पडून जळका वास येत असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा अल्टरनेटर बसवा. पट्टाही बघून घ्या. आतून आरशासारखा चकचकीत झाला असेल किंवा पावसाळी सकाळी चालू करताना किंचाळत असेल तर तोही घसरतोय.

दुरुस्तीनंतर एक काम लोक विसरतात. रिकामी बॅटरी भरण्याचं ओझं नव्याने जोडलेल्या अल्टरनेटरवर टाकू नका, तो तापतो. बॅटरी बाहेर काढून चार्जरवर सावकाश भरा. तुमच्या गाडीत 35 अँपिअर-तासांची असेल तर साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. मग तिची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या, कारण इतक्या वेळा तळ गाठलेली बॅटरी नवी असली तरी आतून खचलेली असू शकते. सेल्फ मारताना ती साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर वॉरंटीचं कार्ड घेऊन पुन्हा दुकानात जा. या वेळी तुमच्या हातात आकडा असेल.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या गाड्या अलीकडच्या आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. नव्या गाड्यांत अल्टरनेटर किती वीज देणार हे कॉम्प्युटर ठरवतो आणि बॅटरी भरली की पेट्रोल वाचवायला मुद्दाम 12.6-12.8 वर आणून ठेवतो. तो आकडा पाहून घाबरू नका. हेडलाइट लावा, थोडा वेळ थांबा, चढतो का ते बघा.

आणि ताई, तोवर गावातच कधी तो लाल दिवा लख्ख लागला, तर आधी तापमानाच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. काटा चढत असेल तर पट्टा तुटलाय, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. काटा जागेवर असेल तर एसी, ब्लोअर, काचेची हीटिंग, गाणी, मोबाइलचा चार्जर सगळं बंद करा. इंजिन बंद करू नका, ते परत चालू होणार नाही. बॅटरी चांगली भरलेली असेल तर हाताशी अर्धा तास आहे असं धरून चाला, तुमची नसेल तर त्याहून कमी. पाऊस किंवा अंधार असेल तर हेडलाइट मात्र बंद करायचे नाहीत, त्यापेक्षा लवकर थांबा.

सकाळचा आकडा, सगळं बंद असतानाचा, भार टाकून दोन हजारच्या फेऱ्यांवरचा आणि वायरीवरचा, असे चार आकडे कागदावर लिहून मला पाठवा. गाडी पुरात होती की नव्हती तेही लिहा. पुढचं त्यावर सांगतो.